चांदीचं नाणं ठेवून द्या, खुरपं घ्या

प्रश्न : माझं माहेर मिरजेचं, सासर पाटण तालुक्यात, कोयनेच्या बाजूला. पावसाळ्यात आमच्याकडे अळंबीची भाजी म्हणजे सणच. इतकी वर्षं सासूबाई आणायच्या आणि त्या आणतील ते आम्ही बिनघोर खायचो. आता मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसत नाही, म्हणून टोपली माझ्याकडे आली आहे. त्या सांगतात, भाजीत चांदीचं नाणं आणि लसणाची पाकळी टाक, काळी पडली तर फेकून दे. दीर म्हणतात, मोबाइलवर फोटो काढला की नाव कळतं. आमच्या गोठ्यामागे उकिरड्याजवळ पांढऱ्या, ताटलीएवढ्या छत्र्या उगवतात. जाऊबाई म्हणतात, जनावरं तोंड लावतात म्हणजे चालतील. घरात पाच वर्षांचा मुलगा आहे. विषारी अळंबी ओळखायची खात्रीची खूण कोणती?
— एक वाचक, पाटण तालुका

उत्तर : अशी खूण नाही. विषारी अळंब्या एका घराण्याच्या नाहीत, त्यांची विषंही एक नाहीत. कुठलं यकृतावर जातं, कुठलं नुसतं पोट ढवळतं, कुठलं घाम आणि लाळ सोडवतं. या सगळ्यांना एकाच परीक्षेत पकडेल असं नाणं, पाकळी किंवा तांदळाचा दाणा कुणाकडेच नाही. म्हणून प्रश्न उलटा करायचा. विषारी कोणती ते शोधत बसू नका. खायची एकच जात नखशिखांत ओळखायला शिका, आणि जी तिच्याशी तंतोतंत जुळत नाही ती विषारी असो वा नसो, टोपलीत घालू नका. सासूबाई इतकी वर्षं हेच करत आल्या असणार. नाण्यानं तुम्हाला वाचवलं नाही, त्यांच्या डोळ्यांनी वाचवलं.

चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांनी. अंड्यात ठेवलेला चांदीचा चमचाही काळवंडतो, म्हणून अंडं विषारी ठरत नाही. जीव घेणाऱ्या अळंबीच्या विषानं मात्र चांदीवर डागही पडत नाही. लसणाचं तेच. आंबट पदार्थासोबत लसूण कधी हिरवट-निळसर होतो, तो स्वतःतल्याच रसायनांनी. भांड्यात काय आहे याची त्याला खबर नसते. टोपीची साल निघते का पाहणं, हळद लावून पाहणं, मिठाच्या पाण्यात ठेवणं, चिंच घालून उकळणं, उन्हात वाळवणं यांतलं काहीही विष ओळखत नाही किंवा घालवत नाही. सगळ्यांत वाईट विष उकळून, तळून, वाळवून, फ्रीजमध्ये ठेवूनही जसंच्या तसं राहतं.

जाऊबाईंच्या जनावरांचंही ऐकू नका. गोगलगायी अतिविषारी अळंब्या कुरतडतात आणि त्यांना काही होत नाही. शेळीचं पोट वेगळं, आपलं वेगळं. शिवाय तोंड लावलेल्या जनावराचं तीन दिवसांनी काय झालं, हे कोण बघत बसतं?

मोबाइलबद्दल दिरांना एवढंच सांगा की फोटोत टोपी दिसते, मातीच्या आत काय आहे ते दिसत नाही. आणि निर्णय बहुतेक वेळा मातीच्या आत असतो. फोटोवरून आलेलं नाव ऐकायला मजेचं आहे, जेवायला नाही.

आता ती एक जात. तुमच्याकडे जिला अळंबी म्हणतात आणि जिच्यासाठी माणसं पहाटे माळ तुडवतात, ती बहुधा वारुळाची अळंबी. शास्त्रात तिच्या गटाला टर्मिटोमायसेस म्हणतात. ही छत्री मातीतून आपली आपण उगवत नाही, वाळवी तिची शेती करते. जमिनीखालच्या घरट्यात वाळवी चावलेल्या पाल्यापाचोळ्याची, अक्रोडाच्या गरासारखी सुरकुतलेली, स्पंजासारखी पोळी रचते आणि तिच्यावर ही बुरशी वाढवते. पावसाचं पाणी खोलवर मुरलं की त्या पोळीतून कोंब वर निघतो आणि माती फोडून बाहेर येतो. ही अळंबी धिंगरीसारखी पिशवीत पिकवता येत नाही, त्याचं कारण हेच. तिच्या सगळ्या खुणाही या जन्मकथेतूनच येतात, म्हणून पाठ न करता लक्षात राहतात.

माती फोडायची म्हणून टोपीच्या मधोमध टणक, टोकदार उंचवटा असतो, बहुतेक वेळा बाकी टोपीपेक्षा गडद. उमलून टोपी सपाट झाली, कडा चिरल्या, तरी हे टोक राहतं. सासूबाईंना दिसत नसलं तरी बोटांना हे नक्की कळेल. त्यांच्या हातात एक द्या आणि त्या कुठे चाचपतात ते बघा.

दुसरी खूण जमिनीखाली. पोळी खोल असल्यामुळे दांडा जमिनीपाशी संपत नाही, तो मुळासारखा निमुळता होत खाली जातो. वीतभर, हातभर, कधी त्याहून खोल. नुसतं उपटलं तर हे शेपूट तुटून आत राहतं आणि हातात येतो तो तोकडा दांडा, मग सगळ्या छत्र्या सारख्याच दिसतात. म्हणून खुरपं. छत्रीपासून चार बोटं अंतर सोडून बाजूनं माती सैल करायची, दांड्याच्या कडेनं खाली जायचं आणि निदान वीतभर तरी शेपूट अखंड बाहेर काढून बघायचं. दर झुबक्यातल्या एकीचं एवढं केलं तरी पुरे, बाकीच्या जमिनीलगत खुडा. पण त्या खरोखर त्याच झुबक्यातल्या आणि हुबेहूब तशाच आहेत ना, हे प्रत्येकीला उलटं करून बघा. थेट पोळीपर्यंत खणू नका. पोळी फुटली तर पुढच्या पावसात तिथे काही येणार नाही. खड्डा बुजवून टाका. आणि वारुळाच्या भोकात हात घालायचा नाही. नागपंचमीला शिराळ्याचं नाव ज्यासाठी घेतात, ते तिथेच राहतं.

तिसरी खूण टोपीखाली. तिथल्या उभ्या पातळ पाकळ्यांना कल्ले म्हणू. वारुळाच्या अळंबीचे कल्ले दाट, पांढरे असतात, पक्व झाल्यावर त्यांच्यावर किंचित गुलाबी झाक येते. ते दांड्याला चिकटलेले नसतात, जवळ येऊन थांबतात.

चौथी खूण म्हणजे जे नसायला हवं ते. दांड्याच्या बुडाशी पिशवी किंवा वाटी नको, आणि टोपीवर सहज निघणारे पांढरे पापुद्रे किंवा चामखिळीसारखे ठिपके नकोत. पिशवीचं महत्त्व पुढे येतंच. दांड्यावरच्या कड्याचं मात्र पक्कं सांगता येत नाही. वारुळाच्या काही जातींत जाडसर कड्यासारखा भाग असतो, बऱ्याच जातींत नसतो, त्यामुळे नुसत्या कड्यावरून ना घ्यायचं ठरवा ना टाकायचं.

चारही एकत्र जुळायला हव्यात. एकटी कुठलीच पुरत नाही. जमिनीत गाडलेल्या कुजक्या मुळांवर वाढणाऱ्या एका वेगळ्याच छत्रीलाही लांब शेपूट असतं. गुलाबी कल्ल्यांच्या दुसऱ्या एका मोठ्या गटात पोट बिघडवणाऱ्या जाती आहेत. आणि ‘वारुळाजवळ उगवली म्हणजे आपलीच’ हे तर मुळीच धरून चालू नका. वारुळाच्या कडेला कुजकं लाकूड, गवत, शेण सगळंच असतं आणि त्यावर वाटेल ते उगवतं. उलट खरी अळंबी पुष्कळदा सपाट माळावर येते, कारण घरटं खाली असतं, वर उंचवटा असतोच असं नाही.

एक अपवाद आताच सांगून ठेवते. नखाएवढ्या, फार तर रुपयाएवढ्या टोपीच्या, शेकड्यांनी एकाच जागी पसरणाऱ्या बारीक अळंब्याही वाळवीच्याच असतात आणि लोक आवडीनं खातात. वाळवी जुन्या पोळीचे तुकडे वर आणून टाकते, त्यावर त्या उगवतात, त्यामुळे त्यांना लांब शेपूट नसतं. म्हणजे तुमची सगळ्यांत भक्कम खूणच तिथे निकामी. आणि नेमक्या याच आकाराच्या, खवलेदार टोपीच्या लेपिओटा नावाच्या गटात यकृत निकामी करणाऱ्या जाती आहेत. बारीक अळंबीत एखादी परकी मिसळली तर मूठभर ढिगात ती सापडणारही नाही. माझं मत स्पष्ट आहे : पहिली दोन-तीन वर्षं बारीक अळंबी घेऊच नका, मग शेजारीण कितीही आग्रह करो.

आता ठसा. हे घरातल्या घरात होतं आणि याच्याइतकी कामाची परीक्षा दुसरी नाही. कळ्या खायला चवदार असल्या तरी त्यांचा ठसा येत नाही, म्हणून त्याच झुबक्यातली एक पूर्ण उमललेली आणायची. दांडा टोपीच्या पातळीला कापायचा. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद घ्यायचा, नाहीतर काचेचा तुकडा. टोपी कल्ले खाली करून त्यावर ठेवायची, वरून पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि वाटीनं झाकायची, म्हणजे वारं लागत नाही. चार-सहा तासांत कल्ल्यांच्या रेघांसारखी भुकटी पडते. सकाळी ठेवलंत तर संध्याकाळच्या भाजीआधी उत्तर मिळतं. रात्रभर ठेवावं लागलं तर भाजी दुसऱ्या दिवशी. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो, सायीत किंचित गुलाबी मिसळावा तसा. ठसा पांढराशुभ्र आला तर सगळी टोपली उकिरड्यावर. हिरवट आला तरी उकिरड्यावर. चॉकलेटी, काळा, गंजासारखा आला तरी तेच. गुलाबी आला म्हणजे पास झाली असं नाही, एवढाच अर्थ की चार खुणांच्या विरुद्ध साक्ष मिळाली नाही.

हिरव्या ठशावरून तुमच्या गोठ्यामागच्या ताटलीकडे येऊ. पाहिल्याशिवाय नाव देणार नाही, पण वर्णन ज्या छत्रीशी जुळतं तिला शास्त्रात क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस म्हणतात, आणि भारतात अळंबीनं पोट बिघडून दवाखाना गाठायला लावणाऱ्यांत तिचं नाव वरचं आहे. पावसानंतर गवतात, शाळेच्या मैदानावर, उकिरड्याच्या कडेला ती उगवते, कधी गोल कडं धरून. लहानपणी ती ढोलाच्या टिपरीसारखी दिसते. मग टोपी वीतभर पसरते, पांढऱ्यावर मधोमध तपकिरी डाग आणि त्यापासून फुटलेले तपकिरी खवले. दांड्यावर कडं असतं, जुनं झालं की बांगडीसारखं वरखाली सरकतं. बूड थोडं फुगीर, पण पिशवी नाही. फसवते ती तरुण असताना. तेव्हा कल्ले पांढरेच असतात, राखी-हिरवट रंग उशिरा चढतो. म्हणून चार दिवस तिच्याकडे लक्ष ठेवा आणि जुन्या छत्रीचा ठसा घ्या. मळकट हिरवा आला की विषय संपला. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या, जुलाब, पोटात पिळ, कधी जुलाबातून रक्त. मोठं माणूस बहुतेक दोन-तीन दिवसांत सावरतं, पण पाच वर्षांच्या मुलाच्या आणि सत्तरीच्या सासूबाईंच्या अंगातलं पाणी फार लवकर संपतं. ‘चांगली शिजवली की चालते’ म्हणणारे भेटतील. त्यांच्या घरी जेवू नका.

ठसा हिरवा आला नाही, तरी उकिरड्यावरची छत्री माझ्या हिशेबात बादच. अळंबी जमिनीतलं बरंच काही शोषून घेते. फवारणी झालेल्या उसाच्या बांधावरची, तासगावकडच्या द्राक्षबागेतली, हमरस्त्याच्या कडेची, कारखान्याच्या मळीच्या ढिगावरची अळंबी जातीनं कितीही चांगली असली तरी घेऊ नये.

आता पिशवी. जीव घेणारी अळंबी म्हणजे मुख्यतः अमानिटा गटातल्या काही जाती. दिसायला देखण्या, पुष्कळदा पांढऱ्या, वासही वाईट नाही, आणि खाऊन वाचलेली माणसं चव चांगली होती म्हणून सांगतात. पांढरे कल्ले, पांढरा ठसा, दांड्यावर पातळ झालरीसारखं कडं आणि बुडाशी अंड्याच्या फुटक्या टरफलासारखी पिशवी. कोवळेपणी सगळी छत्री या अंड्यात बंद असते, ते फाडून ती बाहेर येते आणि टरफल मातीत राहतं. विळीनं किंवा हातानं वरच्या वर खुडली की पिशवी जमिनीतच राहिली आणि हातात उरली एक साधी पांढरी छत्री. खुरप्याचा आग्रह मघापासून आहे तो एवढ्यासाठी. त्यातच भाताच्या पेंढ्याच्या ढिगावर उगवणाऱ्या, खाण्याच्या एका अळंबीलाही अशीच पिशवी असते, तिचा ठसा गुलाबी येतो. तिची सवय असलेली माणसं परक्या मुलखात गेली की अमानिटाला तीच समजून बसतात. तुम्ही नियम सोपा ठेवा : पिशवी दिसली की हात मागे.

याच कारणानं अंड्यासारखे पांढरे गोळेही उचलू नका. पावसात माळावर गोल पफबॉल येतात, काही लोक कोवळे असताना खातात. पण अमानिटाचं बंद अंडं बाहेरून तसंच दिसतं. वरून खाली उभा काप घेतला की खऱ्या पफबॉलमध्ये पनीरसारखा एकसलग पांढरा गर असतो, अमानिटात दुमडलेल्या छत्रीची आकृती दिसते. आत काळपट-जांभळा गर आणि जाड साल असेल तर तो तिसराच, तोही विषारी.

अमानिटातल्या विषाचं नाव ॲमॅटॉक्सिन. ते यकृताच्या पेशींत शिरून नवी प्रथिनं बनवण्याचं काम थांबवतं. प्राणघातक मात्रा वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.१ मिलिग्रॅम धरतात. साठ किलोच्या माणसाला सहा मिलिग्रॅम, आणि तेवढं एका मध्यम छत्रीत असू शकतं. तुमच्या मुलाचं वजन पंधरा-सोळा किलो असेल तर त्याला तिचा पाव भागही पुरतो. म्हणून लहान मुलाला रानातली अळंबी, अगदी खात्रीची असली तरी, देऊ नये असं माझं म्हणणं आहे. त्याला भाजीचा रस्साही नको, विष रश्श्यात उतरतं.

हे विष लबाड आहे ते त्याच्या वेळापत्रकामुळे. जेवणानंतर सहा ते बारा तास, कधी चोवीस तास काहीच होत नाही. मग पाण्यासारखे जुलाब आणि उलट्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते थांबतात, माणूस उठून बसतो, चहा मागतो आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. त्याच वेळी आत यकृत जात असतं. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात कावीळ, रक्तस्राव, बेशुद्धी. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन तेरा माणसं दगावली. त्यांतली बरीचशी चहामळ्यांच्या भागातली, म्हणजे रान ओळखणारीच होती.

म्हणून घड्याळ लक्षात ठेवा. उलट्या तीन तासांच्या आत सुरू झाल्या तर बहुधा पोटापुरतं प्रकरण असतं. सहा तासांनंतर सुरू झाल्या तर यकृताचं विष समजूनच धावायचं. पण भाजीत दोन-तीन जाती मिसळलेल्या असतील तर लवकर झालेली उलटी काहीच सिद्ध करत नाही, उशिराचं विष मागून येतं. पाव ते दोन तासांत दरदरून घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी आणि बाहुल्या बारीक होणं हे आणखी वेगळं विष. त्यावर ॲट्रोपिन चालतं, पण ते डॉक्टरांनी द्यायचं.

शंका आली की १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. पाटणचं ग्रामीण रुग्णालय जवळ असेल तर आधी तिथे, पण पुढे कराडला न्यावं लागेल हे गृहीत धरून तयारीनं जा. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्या, त्रास होत नसला तरी. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी काढू नका, दूध-तूप पाजू नका. शुद्धीत असेल आणि पिता येत असेल त्याला वाटेत साखर-मिठाचं पाणी घोट घोट द्या : एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सोबत उरलेली कच्ची अळंबी न्या, नसेल तर शिजलेली, तीही नसेल तर निवडताना टाकलेले तुकडे. कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये ती लगेच सडते. जेवण किती वाजता झालं आणि पहिली उलटी किती वाजता, हे लिहूनच न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, तिथे डॉक्टरांना चोवीस तास सल्ला मिळतो. आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटतंय म्हणून घरी घेऊन जाण्याची घाई करू नका. यकृताच्या आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या पुन्हा पुन्हा होऊ द्या.

खात्रीची अळंबी मिळाली तरी थोडी शिस्त हवी. बांबूच्या दुरडीत आणा, कॅरीबॅगमध्ये नको. कोंडली की तासाभरात घाम सुटतो आणि आंबते. दुसऱ्या जातीची ‘बघू या’ म्हणून उचललेली छत्री त्याच दुरडीत टाकू नका. बुळबुळीत झालेली, वास मारणारी, आत अळ्यांनी पोखरलेली टाकून द्या. पुष्कळदा ‘अळंबी बाधली’ म्हणतात ती शिळी असते. त्याच दिवशी नीट शिजवा, पंधरा-वीस मिनिटं तरी. कच्ची किंवा अर्धकच्ची चांगली अळंबीही पोटाला झेपत नाही. ज्यानं आधी कधी खाल्ली नाही त्यानं पहिल्या दिवशी दोन-तीन चमच्यांवर थांबावं. आणि प्रत्येक वेळी दोन कच्च्या अळंब्या, शेपटासकट, कागदात गुंडाळून तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. हसतील घरचे, हसू द्या.

विकत घ्यायची वेळ आली तर रस्त्याकडेला पानावर मांडलेल्या वाट्यात दांडे बहुधा कापलेले असतात. शेपूट ठेवलेला वाटा मागा, आणि एकेक उलटी करून बघा. ओळखीच्या माणसाकडून घेतली तरी. आणखी एक, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. त्यांच्या हद्दीतून काहीच गोळा करता येत नाही. तुमच्या बाजूला ती हद्द कुठून जाते ते वनरक्षकांना विचारून ठेवा.

मुलासाठी अळंबीची हौस भागवायची असेल तर धिंगरी आहे, गव्हाच्या काडावर खोलीत येते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचं काम वर्षानुवर्षं चालतं, तिथे प्रशिक्षणाची चौकशी करा. अंगणातल्या छत्र्यांना त्यानं हात लावला, लाथ मारली तर घाबरू नका. हात लावून विष चढत नाही, तोंडात गेलं तरच. साबणानं हात धुवा. त्या छत्र्या रोज सकाळी उपटून टाका, मात्र खालची बुरशी राहतेच, पाऊस असेतो त्या येत राहणार.

राहिल्या सासूबाई. यंदा मृगाचा पाऊस मुरून दोन दिवस उघडीप मिळाली की त्यांना सोबत घेऊन जा. त्यांच्या जागा त्यांना पाठ असतील, आणि अळंबी वर्षानुवर्षं त्याच घरट्यावर येते. जागा त्यांनी दाखवायची, खणायचं आणि उलटं करून बघायचं तुम्ही. प्रत्येक वेळी ‘ही का टाकली?’ हे विचारा. ‘ही का घेतली?’ यापेक्षा त्याचं उत्तर जास्त शिकवतं. दोघींपैकी एकीलाही शंका आली तर ती छत्री तिथेच राहील, एवढं आधी ठरवून जा. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं, ते पावसाळ्याआधी उरकता आलं तर बघा. त्यानंतर काही आठवडे माती-धुळीपासून डोळा जपायला सांगतात, म्हणजे खुरपं तेव्हाही तुमच्याच हातात राहणार.